सरकती चकती

पनवेल कोळीवाडा
४ नोव्हेंबर २०२४

रोशनी बाय,

तुजी आत्या तुला लिवते. कोइमतूर कोनत्या दिशेला हाय ते माज्या हितेशला विचारलं, तर त्यानं मोबाईलवर नकाशा दाकवला. मला त्यात नुसतं निळं पानी दिसलं. तू तिकडं गुडग्यांचं शिकायला गेलीस आनि इकडं तुज्या आत्याचाच गुडगा गेला.

फोन करू नको. कान आता निम्मं ऐकतात, आनि मोबाईल हितेशचा हाय. तू काय बोललीस, मी काय बोलले, सगळं त्याला कळतं. कागदावर लिव. पोस्टमन अजून आपल्या आळीत येतो.

उजवा गुडगा हाय, आतल्या बाजूनं. मासळीबाजारातून उटताना शेजारनीचा खांदा धरावा लागतो. हितेश मला तुज्या त्या सत्यजीत डॉक्टरकडं घेऊन गेला, ज्याला तू सर बोलतेस. मानूस चांगला हाय, मोठ्यानं बोलतो. फोटो बगून बोलला, "गोदूबाई, आतला भाग झिजलाय, बाहेरचा शाबूत आहे. सगळी वाटी बदलायला नको. अर्धी बदलू."

मी विचारलं, अर्दी कशी बदलता? तर त्यानं टेबलावर दोन नमुने ठेवले. दोनीत वर लोखंड, खाली लोखंड, मदी पांढरी चकती. एकात चकती पक्की बसवलेली. दुसऱ्यात बोटानं ढकलली की पुढं-मागं सरकते, ओल्या साबनासारकी. डॉक्टर पक्कीच्या बाजूचा हाय. पन बोलला, "रोशनीला विचारा. ती तिकडं हेच दोन प्रकार ताडून बघतेय."

तर सांग. तू बोलशील ती घालते.

हितेश बोलतो, बाजार सोड आता. त्याला उलव्याच्या बांधकामावर सुपरवायझर केलंय, तर घरात मासळीचा वास नको झालाय.

तुजी आत्या


कोइमतूर
१३ नोव्हेंबर २०२४

आत्या,

तुझं पत्र वॉर्डच्या पत्त्यावर आलं आणि इथल्या सिस्टरनी ते हातोहात फिरवलं. मराठी अक्षरं बघून एकीने विचारलं, "अम्मा?" मी हो म्हटलं. आई गेल्यावर मला मांडीवर घेऊन बाजारात बसायचीस ती तूच. दुसरं काय सांगणार तिला?

आता गुडघ्याचं. नीट वाच.

पक्क्या चकतीत वरचं गोल लोखंड रोज एकाच जागी टेकतं. वर्षानुवर्षं तिथे घासून प्लास्टिक झिजतं. सरकती चकती गुडघ्याबरोबर हलते, म्हणून वजन सगळीकडे सारखं पसरतं आणि झीज फार कमी होते. तू अजून साठीच्या आत आहेस, दिवसभर पायांवर असतेस. तुला पुढे खूप वर्षं काढायची आहेत. मी सरकतीच निवडेन.

पण तिला एक अट आहे. ती चकती कशालाही बांधलेली नसते. तुझे स्वतःचे स्नायू आणि हाडांना बांधणाऱ्या दोऱ्या तिला जागेवर धरून ठेवतात. उकिडवं बसलं, गुडघा पूर्ण दुमडला आणि तसाच वळला, तर ती जागा सोडू शकते. म्हणजे पाटावर बसणं बंद. कोलंबी सोलायची तर खुर्चीवर. हितेश म्हणतो तसा तू बाजार सोडणार आहेस. खरं ना? मला स्पष्ट लिही, कारण मी त्यावरच ठरवतेय.

रोशनी


पनवेल
२१ नोव्हेंबर २०२४

रोशनी बाय,

नाय बसनार. सरकती घालायला सांग डॉक्टरला.

दिपिकानं माज्यासाटी प्लास्टिकची खुर्ची आनलीय. सून म्हनून आली तवा मासळीला बोट लावत नव्हती, आता माज्यासाटी खुर्च्या आनते. तू काळजी करू नको, शिक.

आत्या


(ई-मेल)
१२ डिसेंबर २०२४

रोशनी,

काल तुझ्या आत्याचं ऑपरेशन झालं. तू सांगितलंस तशी सरकती घातली. सगळं व्यवस्थित. आज संध्याकाळी वॉकर घेऊन दारापर्यंत चालून आल्या आणि मलाच म्हणाल्या, "डॉक्टर, तुमी बसा, दमलात."

माझं मत वेगळं होतं हे तुला माहीत आहे. माझा हात पक्क्या चकतीला सरावलाय. सरकत्या मी फार थोड्या केल्यात, आणि हे डिझाइन सवयीच्या हातातच नीट बसतं, असं तूच मला पाठवलेल्या पेपरांत म्हटलंय. शिवाय आपल्याकडची माणसं जमिनीवर जगतात. जेवतात जमिनीवर, देवासमोर बसतात जमिनीवर, संडासही कित्येकांकडे अजून खाली बसायचा. तुझ्या प्रोफेसरांचे आकडे खुर्चीवर बसणाऱ्या देशांतले आहेत.

पण बाईंनी मला सांगितलं, बाजार सुटला. मी विश्वास ठेवला.

सत्यजीत


पनवेल
२ फेब्रुवारी २०२५

रोशनी बाय,

काय सांगू तुला! पाय कसा हलका झालाय. सकाळी उटते तर कुनाचा खांदा लागत नाय. परवा पनवेल स्टॅंडपासून घरापर्यंत चालत आले, रिक्षावाला मागं मागं येत रायला, "मावशी बसा, मावशी बसा." मी बोलले, जा रे, माजा नवा पाय हाय.

सत्यजीत डॉक्टरनं व्यायाम शिकवलाय. करते. दिपिका समोर बसून करून घेते.

एकच. कदीकदी गुडगा आतून टिक करतो. दुकत नाय. पाटी उचलताना करतो, तर कदी कोपऱ्यावर वळताना. घड्याळासारकं एकदाच, मग गप. नवी वस्तू हाय, बोलत असंल.

बाजारात नवी इमारत होनार म्हनतात. आतमदी ओटे, पान्याचा नळ, वर छप्पर. जी बाई आता जागेवर दिसंल तिलाच ओटा मिळनार असं बायका बोलतात. खरं-खोटं देवाला माहीत. पन सगळ्या जागा धरून बसल्यात, बाळंतीन सुदा.

तुला कोलंबीचे सुके सोडे पाटवू का? तिकडं काय खातेस?

आत्या


कोइमतूर
११ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र मी जेवताना वाचलं आणि जेवण राहिलं बाजूला. रिक्षावाल्याची गोष्ट प्रोफेसरांना इंग्रजीत सांगितली, ते खळखळून हसले. म्हणाले, "हाच आपला रिझल्ट."

टिक होतं ते होऊ दे. चकती हलते तेव्हा बऱ्याच जणांना आवाज जाणवतो. दुखत नाही, सूज नाही, तर घाबरायचं नाही.

इथे आम्ही दोन्ही प्रकारच्या पेशंटना बोलावून तपासतोय. सरकतीवाले चालायला भारी आहेत. तू त्यांच्यात पहिली आली असतीस.

सोडे नक्की पाठव. आणि जागेची काळजी तू कशाला करतेस? तू तर सोडलीस ना?

रोशनी


(ई-मेल)
१९ मार्च २०२५

सर,

तुम्हाला आत्याबद्दल लिहितेय. तिला अजून काही कळवलेलं नाही.

या आठवड्यात आमच्याकडे एक विणकर बाई आली. अंगणात रांगोळी काढून उठताना गुडघा अडकला. वाकेना, सरळ होईना. उघडला, तर चकती मागे निसटून हाडाच्या पाठीमागे जाऊन बसलेली. मी असिस्ट करत होते. चिमट्यात धरून ती माझ्या तळहातावर ठेवली गेली तेव्हा कोमट होती, एवढंच मला आठवतंय. त्यानंतर एक शेतकरी आला, तसाच. दोघेही खाली बसणारे. दोघांनीही आम्हाला "बसत नाही" असं सांगितलेलं. दोघांनाही आधी काही महिने टिकटिक होत होती.

प्रोफेसर म्हणतात, असे थोडेच असतात, आणि आकड्यांत ते खरंही आहे. पण आत्याला टिक होतं आणि मी तिला घाबरू नको असं लिहून बसलेय.

तिला तपासायला बोलवाल का? कारण सांगू नका. "नेहमीची तपासणी" म्हणा. एकदा भीती बसली की ती चालणंच सोडेल, तिला मी ओळखते.

रोशनी


(ई-मेल)
२ एप्रिल २०२५

रोशनी,

गोदूबाई आल्या होत्या. एक्स-रे काढला. चकतीतली एक्स-रेत दिसणारी खुणेची तार मला किंचित फिरल्यासारखी वाटते, पण चकती जागेवर आहे. सूज नाही.

तपासताना मी गुडघा वाकवायला सांगितला. टाच सहज मांडीला टेकली. आधी मला माझाच अभिमान वाटला, आणि मग तो उतरला. खुर्चीवर बसणाऱ्या बाईचा गुडघा तीन-चार महिन्यांत इतका मोकळा होत नाही.

मी विचारलं, "गोदूबाई, खाली बसता का?"

"नाय हो डॉक्टर. कशाला बसू?"

हे बोलताना त्या बांगड्या मागे सारत होत्या. एका बांगडीला खवलं चिकटलेलं होतं, ताजं. दारात हितेश उभा होता आणि त्याच्यासमोर त्या कधीच कबूल झाल्या नसत्या. आता वाटतं, त्याला बाहेर पाठवून विचारायला हवं होतं.

तू लिही. तुझं ऐकतील. आणि या वेळेला गुळमुळीत लिहू नकोस.

सत्यजीत


कोइमतूर
३ एप्रिल २०२५

आत्या,

हे पत्र हितेश घरी नसताना वाच.

तू बाजारात बसतेस. मला माहीत आहे. तुझ्याच पत्रात होतं आणि मी वाचलं नाही. पाटी उचलताना टिक होतं, असं तू लिहिलं होतंस. बाजार सोडलेली बाई कुठली पाटी उचलते?

मी रागावलेली नाही. मी घाबरलेय. इथे दोन माणसांची चकती निसटली. दोघंही खाली बसायची. गुडघा मध्येच अडकतो, पाय स्वतःचा राहत नाही. तेव्हा तू रस्त्यात असशील तर? होडीवरून माल घ्यायला मोऱ्याच्या धक्क्यावर असशील तर?

आजपासून बसू नकोस. मोऱ्याला तर पाऊलही टाकू नकोस. तुझा ओटा गेला तर जाऊ दे. सत्यजीत सर दुसऱ्या कुणाला न सांगता तुला परत तपासतील. मी मेमध्ये सुट्टी मागितली आहे.

तुला माझी शपथ.

रोशनी


पनवेल
१४ एप्रिल २०२५

रोशनी बाय,

शपथ परत घे. शपथा घालायला तुला मी शिकवलं नाय.

होय, बसते. हितेश कामावर गेला की जाते, तो यायच्या आदी येते. दिपिकाला माहीत हाय, ती कपडे धुवून टाकते. खोटं बोलले तुज्याशी. पन तू "खाली बसतेस का" विचारलंस. मी का बसते ते विचारलं नायस.

खुर्चीवर बसून मासळी विकायचा प्रयत्न केला मी, खरंच केला. गिऱ्हाईक वाकून बगतं, आपन वरून बोलतो. पाटी खाली, सुरी खाली, पापलेट खाली, मी वर. प्रत्येक मासा उचलायला कंबर मोडते. शेजारनी हसल्या, "गोदूबाई साहेब झाली." दुसऱ्या दिवशी खुर्चीवर पाट्या ठेवल्या आनि मी खाली बसले.

ती जागा माज्या सासूची. तिच्यावर बसून मी तुला डॉक्टर केली, हितेशला शिकवला. आता हितेश बोलतो वास येतो. तर माज्याजवळ माजं असं काय रायलं सांग.

ऐक. जूनला मासेमारीची बंदी लागते. मग होड्याच नाय, तर बाजार कसला? तवा आपोआप बसायचं बंद. तोवर ओट्यांचं पन ठरंल. एवडे दिवस काडू दे. टिक आता जास्त होतं, पन मी हळू उटते. हाताचा टेकू घेते.

तू मेमदी ये. कालवं आनून ठेवते.

आत्या


कोइमतूर
२५ एप्रिल २०२५

आत्या,

टिक जास्त होतं म्हणजे काय? रोज? दिवसातून किती? गुडघा कधी मध्येच थांबतो का? उत्तर लगेच दे. दिपिकाच्या मोबाईलवरून दे, हितेशला कळलं तर कळू दे.

मला सुट्टी नऊ तारखेपासून मिळतेय. तिकीट काढलं. तोपर्यंत एवढंच कर, मोऱ्याला जाऊ नकोस. दुसऱ्या कुणाला माल आणायला सांग.

रोशनी


पनवेल
७ मे २०२५ (ई-मेल)

रोशनीताई,

तुला फोन लागत नाहीये, ऑपरेशनमध्ये आहेस असं तिथली नर्स सांगते. म्हणून मेल करतोय. आई हॉस्पिटलमध्ये आहे. शुद्धीवर आहे. घाबरू नको, पण ताबडतोब निघ.

मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटत होतं ती घरी असते. दिपिकाने आज सकाळी पायाशी बसून सगळं सांगितलं. तुझी पत्रंही तांदळाच्या डब्याजवळ होती, ती मी आता वाचली.

काल आई टेम्पोने मोऱ्याला गेली. नेहमीच्या होडीचा तांडेल आजारी होता, म्हणून दुसऱ्या होडीवरून माल घ्यायचा होता. होडी धक्क्याला नीट लागलेली नव्हती. ओहोटी संपून पाणी चढत होतं. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं तुला माहीत आहे. आई तिथे उकिडवी बसून पाटीत बोंबील भरत होती. पाटी भरली आणि ती उठायला गेली. उठलीच नाही.

होडीवरचा माणूस सांगतो, "मावशी तशीच बसून राहिली. मला वाटलं काही तरी शोधते. मी म्हटलं, मावशी, उठा, होडी हलतेय. तर म्हणाली, 'माजा पाय गेला. माजा पाय कुटं गेला?' पाय तर तिथेच होता."

त्याने हात दिला. तिने हात धरला आणि होडी मागे सरकली. आई धक्का आणि होडी यांच्या मध्ये पाण्यात पडली. दोघा-तिघांनी उड्या टाकल्या म्हणून वाचली. पण धक्क्याच्या दगडांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या धारदार शिंपल्यांनी उजवी नडगी गुडघ्यापर्यंत फाटली आहे. सगळा चिखल आत गेलाय.

सत्यजीत डॉक्टर म्हणतात चकती मागे गेलीय, पण आधी जखम.

मी तिला सांगत होतो ना बाजार सोड. एवढंच सांगत होतो.

हितेश


पनवेल, हॉस्पिटलातून
२८ मे २०२५

रोशनी बाय,

तू इथंच हायस. समोरच्या खुर्चीवर झोपली हायस, तोंड उघडं हाय, लहानपनी झोपायचीस तशी. तरी लिवते. तोंडानं बोलले तर मला मोठ्यानं बोलावं लागतं, आनि या वॉर्डात सगळे ऐकतात.

तू आलीस तवापासून माज्या पायाकडं बगतेस. सकाळी बगतेस, पट्टी सोडून बगतेस, वास घेऊन बगतेस. माज्या तोंडाकडं एकदा पन बगितलं नायस.

मला कोन काय सांगत नाय. पयलं ऑपरेशन झालं तवा डॉक्टर बोलला, चकती काडली, जखम धुतली. मग ताप आला. मग परत धुतली. आता काल तू, डॉक्टर आनि हितेश दाराबाहेर उबे होता. मला ऐकू येत नाय, पन माज्या पोराचं तोंड मी बगितलं. त्यानं भिंतीला हात लावला.

रोशनी, पाय जानार का?

तू डॉक्टर हायस. मी तुला विचारते. मला खरं लिव. चांगलं लिवू नको, खरं लिव.

आत्या


२८ मे, दुपार

आत्या,

तू झोपलीस तेव्हा हे तुझ्या उशाखाली ठेवतेय. तुझ्या तोंडाकडे बघून लिहितेय.

खरं हे आहे. चिखलातले जंतू सांध्यात गेलेत. ते लोखंडाला चिकटून बसतात, औषध तिथे पोचत नाही. म्हणून परवा सर सगळं लोखंड काढणार. त्या जागी औषध मिसळलेलं सिमेंट भरणार. त्याने जंतू मेले तर काही महिन्यांनी नवीन सांधा बसेल, या वेळी पूर्ण. तो काटकोनाच्या फार पुढे वाकणार नाही. उकिडवं बसणं त्यात कधीच नाही.

नाही मेले, तर पाय गुडघ्याच्या वर कापावा लागेल. कुठल्या बाजूला जाईल ते मला माहीत नाही. सरांनाही नाही.

चकती मी निवडली. सर नको म्हणत होते. खाली बसणाऱ्यांची ती निसटते, हे मी वाचलेलं होतं. तुला मी ते एका ओळीत सांगितलं आणि अट म्हणून सोडून दिलं. कोळीवाड्यात वाढून मी तुला विचारलं, बाजार सोडलास ना, आणि तुझ्या एका ओळीच्या उत्तरावर गप्प बसले. मला सोयीचं होतं ते.

परवा मी आत असेन. हात सरांचे, मी फक्त शेजारी. तुला चालेल का? नको असेन तर तसं लिही.

रोशनी


(त्याच कागदाच्या मागे, पेन्सिलीनं)

चालेल. आतमदी पन तोंडाकडं बग. पायाकडं डॉक्टर बगंल.


पनवेल
१९ डिसेंबर २०२५

रोशनी बाय,

तू परत गेलीस त्याला किती दिवस झाले, तरी दिपिका दोन वेळा तुजं ताट वाडते आनि मग हसते.

पाय हाय. सत्यजीत डॉक्टरनं परवा टाके-बिके सगळं बगून सांगितलं, सिमेंट काडून घातलेला नवा सांदा धरला. जंतू नाय. मोठ्यानं बोलला, बाहेरच्या बाकावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी वॉकर सोडून काठीवर आले. पाय खुर्चीवर बसतो तेवडाच वाकतो, त्याच्या पुढं लाकूड. न्हानीत दिपिकाला बोलवावं लागतं. त्याची लाज आता वाटत नाय.

ओट्यांचं ऐक. मी हॉस्पिटलात असताना जागा जाईल म्हनून मी रडले होते, ते तुला माहीत नाय, तू कॅन्टीनला गेली होतीस. दिपिकानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात जाऊन माज्या जागेवर बसली. मासळी ओळखता येत नव्हती तिला, बांगडा बोलून सुरमई विकली म्हने. शेजारनींनी आदी टिंगल केली, मग शिकवलं. हितेशनं पंदरा दिवस तिच्याशी अबोला धरला. आता तोच गाडीवरून तिला सोडायला जातो. हेल्मेट काडत नाय, म्हनजे कुनी ओळखू नये. पन जातो.

इमारत काय अजून होत नाय. खांब उबे हायत, त्यावर बोर्ड लावलाय, बाकी कुत्री झोपतात. मी कशासाटी बसत होते ते आटवलं की अंगावर काटा येतो. तरी बसलेच असते. खोटं नाय बोलत.

आता दुसरं. हे वाचून लगेच फोन लावू नको.

सगळा भार इतके महिने डाव्या पायावर गेला. आठवडाभर डावा गुडगा सुजलाय. रात्री चादर लागली तरी कळतं. काल डॉक्टरनं फोटो काडला. आतली बाजू झिजलीय, बाहेरची शाबूत. तेच बोलला, अर्दी बदलू. टेबलाचा खन उघडला. मला वाटलं आता परत ते दोन नमुने काडतो. त्यानं काडले, हातात धरले, आनि टेबलावर ठेवलेच नाय. मग परत खनात टाकले. बोलला, "गोदूबाई, घाई नाही."

तू त्याला यातलं काय बोलू नको.

मला भीती वाटते, रोशनी. पयल्या वेळेला वाटली नव्हती. तवा मी हसत गेले होते. आता डाव्या गुडग्यावर हात ठेवला की मला मोऱ्याचं पानी दिसतं, आनि होडी मागं सरकताना दिसते.

तू पक्की बोल, सरकती बोल, काय पन बोल, पन कागदावर बोलू नको. तू ये. घरात पाट टाकते. उजवा पाय लांब सोडून, डाव्यावर जशी बसायचे तशी बसते, उटते, पाटी उचलते, सगळं करते. तू समोर बस आनि बग. मग आपन दोगी ठरवू.

आत्या